वहीतली वीस आणि बांधीतलं एक

१६ फेब्रुवारी, रात्री

सोमवारी जीवरसायनाचा पेपर. प्रथिनं ज्यांची बनतात त्या वीस अमिनो आम्लांच्या रचना काढकाढून बोटं दुखायला लागली. एका अक्षराची नावं तर डोकं उठवतात. लायसिनला 'के' का? तर 'एल' ल्युसिनने आधीच पटकावलाय!

सांगाडा सगळ्यांचा एकच, एवढं बरं. मधल्या कार्बनला एकीकडे अमिन, दुसरीकडे आम्लाचा गट, एक हायड्रोजन. चौथ्या हाताला काय लागलंय त्यावर स्वभाव ठरतो. ग्लायसिनच्या चौथ्या हातालाही हायड्रोजनच, म्हणून त्याला आरशातल्यासारखं डावं-उजवं रूप नाही. व्हॅलिन, ल्युसिन पाण्यापासून अंग चोरतात. प्रोलिन आपलाच हात वळवून आपल्याच नायट्रोजनला धरून बसतं. अस्पार्टिक आणि ग्लुटामिक मात्र माझ्याकडून रोज अदलाबदल होतात. दोघांच्याही शेपटीला आम्लाचा गट, फरक फक्त एका कार्बनचा.

दुपारी आजीबरोबर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेले होते. धान कापायच्या आधी ओलीवर फेकलेली लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, आता शेंगांवर आली आहे. शेंगा खुडताना वर्गातलं आठवलं: लाखोळीतलं पाय ताठवणारं विष, ओडॅप, हेही अमिनो आम्लच. विसांतलं नाही, प्रथिनात गुंफलं जात नाही, दाण्यात सुटंच असतं. घरी येऊन त्याची रचना काढली. तोच सांगाडा, आणि चौथ्या हाताच्या टोकाला ग्लुटामिकसारखाच आम्लाचा गट. मज्जासंस्थेच्या पेशी फसतात त्या इथेच. त्यांना चेतवणारं ग्लुटामेट (ग्लुटामिकचंच रूप) आलं असं समजून त्या चेतवल्या जातात, अति चेतवल्या की मरतात. महिनोन्‌महिने लाखोळीवरच पोट भरणाऱ्याचे पाय मग ताठ होतात, ते परत सुटत नाहीत.

१९६१ साली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली; महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. मधल्या काळात आमच्या घरी पेरा काही थांबला नाही, हे आजी अभिमानाने सांगते. मला त्यात अभिमानाचं काही दिसत नाही. धानानंतर वेगळं पाणी न देता, नांगर न घालता दुसरं काय आलं असतं? आणि गंमत अशी की भाताला जे लायसिन कमी पडतं, ते याच डाळीत भरपूर.

आजीला वही दाखवली. चष्मा लावून बराच वेळ पाहत होती.

"हे असं दिसते व्हय जहर? आमी त डाळ रातभर भिजू घालाचो, ते पानी फेकाचो, मंगच शिजवाचो."

ओडॅप पाण्यात विरघळतं. सगळं जात नाही, पण बरंचसं जातं. पुस्तकात हेच आहे, फक्त अर्धं पान जास्त.

हिस्टिडीनचं कडं आता उद्या. आजीने गंजात डाळ भिजू घातली आहे. सकाळी पाणी फेकायचं काम माझं.