टर्कीची ग्रेव्ही आणि ट्रेच्या तळाची खरवड

थँक्सगिव्हिंगला (अमेरिकेतला सण) टर्की, म्हणजे कोंबडीसारखा पण बराच मोठा पक्षी, एकदाची ओव्हनमधून बाहेर आली की सगळे तिचे फोटो काढत बसतात, माझा डोळा मात्र खालच्या ट्रेवर. तिथे रस नि चरबी साठते ना, खरी चव त्यातच. ते सगळं उंच काचेच्या भांड्यात ओतायचं, जरा वेळाने चरबी वर येते, मग त्यातली ४ टेबलस्पून पातेल्यात घेऊन तेवढाच मैदा मंद आचेवर भाजायचा, बेसनाच्या लाडवाइतका नाही हं, जरासा बदामी झाला की बास. ट्रेला चिकटलेली खरवड टाकू नका प्लीज! थोडा गरम स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) ओतून लाकडी उलथन्याने सोडवून घ्या. आता रस, खरवड आणि स्टॉक मिळून २ कप, त्या भाजलेल्या मैद्यात थोडं थोडं ओतत व्हिस्कने घोटत राहायचं, एकदम ओतलं की बिघडलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या (पहिल्या वर्षी माझ्या झाल्या होत्या, गुपचूप गाळून वाढली). मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण टर्की मिठाच्या पाण्यात मुरवली असेल तर रस आधीच खारट असतो. आणि पातळसरच ठेवा, गार होताना घट्ट होते. उरलीच तर दुसऱ्या दिवशी मी गरम भातावर घेते, वर मिरपूड.