तुम्ही विचारलंत म्हणून: जळगावहून लंडन किती तास?

‘भाऊ, पोरगी शिकायला लंडनला चाललीय. नेटवर आठ तास दाखवतंय, तिकिटावर पाचच दिसतायत. खरं काय?’ जळगाव-धुळ्याकडून हा प्रश्न सतत येतो. यातला एकही आकडा धरून चालू नका.

आठ तास हा नुसता भागाकार आहे. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी, विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास. पण दहा-अकरा किमी उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच. तो सरासरी ताशी ७० किमी धरला तर जाताना ८ तास ४० मिनिटं लागतात, येताना साडेसातच्या आत. शिवाय ते अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं. हा दोरा पाकिस्तान, इराण आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना मनाई केली. मग वळसा आला, आणि तो कंपनीगणिक वेगळा. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधीच्या घिरट्या मिळवा. जाताना साडेनऊ ते साडेदहा तास, येताना नऊच्या आसपास, असं धरा.

तिकिटावरचे पाच तास हा घड्याळाचा खेळ. तिकिटावर दोन्हीकडची वेळ स्थानिक असते. मुंबईहून दुपारी २ ला निघून लंडनला संध्याकाळी ७ ला पोचणार असाल, तर लंडनचं घड्याळ आपल्या मागे असतं म्हणून पाचात हिवाळ्यात साडेपाच मिळवा: साडेदहा तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, तेव्हा साडेचारच मिळवायचे. परतीला तेवढेच वजा.

आता जळगाव-मुंबई, आणि खरा घोटाळा इथेच होतो. हवेतून हे अंतर साडेतीनशे किमी, रेल्वेने ४२०. गाडीला सहा-सात तास, पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की हिशेबच नाही. काउंटर सहसा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, आत तीन तास आधी पोचायचं. म्हणून गाडी मुंबईत उड्डाणाच्या किमान सात तास आधी लागेल अशीच घ्या. ठाण्याला थांबा असेल तर उतरून टॅक्सीने सहारचं टी-२ (मुंबई विमानतळाचं टर्मिनल २) गाठा. सीएसएमटीपर्यंत आलात तर मेट्रो ३ थेट टी-२ ला नेते, मात्र मध्यरात्री ती नसते. दोन मोठ्या बॅगा घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढायचा विचारही नको.

दुबई-दोहामार्गे जाणार असाल तर सगळे टप्पे एकाच तिकिटावर हवेत. तिकिटं वेगवेगळी असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्याचे पैसे बुडाले समजा.

घर ते लंडनचं विमानतळ, सगळं मिळून चोवीस तास धरा. आणि तारीख नीट वाचा: १५ तारखेला रात्री १.३० चं विमान म्हणजे १४ च्या रात्री साडेदहाला विमानतळावर हजर. रेल्वेचं आरक्षण १४ च्या सकाळचं. भले भले १५ चं काढून बसतात.