तुम्ही विचारलंत म्हणून: स्टोनफिश हा विषारी मासा अंगावर येतो का?

समुद्रात उतरण्याआधी हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: नाही येत. तो जागचा हलतही नाही, आणि घात तिथेच होतो.

तांबड्या समुद्रापासून फ्रेंच पॉलिनेशियापर्यंतच्या उथळ प्रवाळात हा मासा दगडांच्या खाचेत किंवा वाळूत अर्धा रुतून पडलेला असतो. लांबी साधारण ३० ते ४० सेंटीमीटर, कातडी खडबडीत, तिच्यावर शेवाळ, तोंड वर वळलेलं. छोटा मासा टप्प्यात आला की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो. सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही.

या शिकारीत विषाचं काही काम नाही. विष फक्त बचावाचं. पाठीवर साधारण १३ काटे असतात, एरवी कातडीच्या जाड खोळीत दडलेले. प्रत्येक काट्याला दोन्ही बाजूंनी खाच आणि विषग्रंथी. पाय पडला की खोळ खाली सरकते, ग्रंथी दाबल्या जातात आणि विष खाचेतून जखमेत चढतं. थोडक्यात, पिचकारी आपणच दाबतो, आपल्याच वजनाने.

पाय घासत चालण्याचा सल्ला पाकटासाठी (स्टिंगरे, वाळूत बसणारा चपटा मासा) ठीक आहे. चाहूल लागली की तो निघून जातो. स्टोनफिश बसूनच राहतो. म्हणून प्रवाळावर चालूच नये, पोहत जावं. उभं राहायचंच तर मोकळी वाळू बघा. जाड तळव्याचे बूट हवेतच, पण पातळ रबरातून काटा आरपार जातो. ओहोटीत उघडा पडलेला, मेलासा दिसणारा मासाही उचलू नका. पाण्याबाहेर तो बराच वेळ तग धरतो.

काटा लागलाच तर आधी पाण्याबाहेर या. कळ इतकी जबर असते की पाण्यात भोवळ आली तर बुडायचा धोका. मग पाय ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं ठेवा. कळ बरीच उतरते. पाणी निवत जातं, तेव्हा अधूनमधून बदला. ते किती गरम आहे हे मात्र धडधाकट पायाने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासा, दुखऱ्या पायाला अंदाज येत नाही आणि पाय भाजतो. आवळपट्टी नको, चिरा देणं नको, तोंडाने चोखणं तर नकोच.

दवाखान्यात जायचंच: काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, धनुर्वाताची लस बघावी लागते. घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेलं प्रतिविष ऑस्ट्रेलियात १९५९पासून आहे. त्याच्या कुप्या किती द्यायच्या हे काटे किती रुतले त्यावर ठरतं, त्यामुळे सूज चढण्याआधी जखमेवरची भोकं मोजून ठेवा.