जागा सुटली तर

"मार्कांचं काही नाही हो, दुसऱ्या वर्षाला जागा सुटली तर बघू." पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजातून आज फोनवर एवढंच उत्तर आलं आणि ताईची लेक गप्पच झाली.

बेळगावात बीएस्सीचं पहिलं वर्ष तिनं उत्तम मार्कांनी काढलंय, दुसरं वर्ष तिला पुण्यात करायचंय. टेबलावर सगळी फाईल पसरलेली. प्रत्येक पानावर कॉलेजचा जांभळा शिक्का मारून आणलेला सिलॅबस! राणी चन्नम्मा विद्यापीठाचे पेपर तिकडच्या पेपरांशी जुळतात की नाही, ते या पानांवरून बघतात. पोरीनं एक पान सुटू दिलेलं नाही.

टीसी मात्र अजून काढलेला नाही. तो काढला की इथली जागा गेली, आणि तिकडचं तर काहीच नक्की नाही.

2021 पासून यूजीसीची क्रेडिट बँक आहे, म्हणजे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा ठेवणारं ऑनलाइन खातं. राज्य बदललं तरी तिचे क्रेडिट तिच्याच खात्यावर राहतात, हे खरंच चांगलं झालंय. पण बसायला बाक कुठंय?

निपाणी, खानापूर, चिकोडीतही अशी पोरं असणार. इथली फी भरायची मुदत संपायच्या आत, दुसऱ्या वर्षाच्या किती जागा रिकाम्या आहेत एवढं कॉलेजांनी जाहीर करायला काय हरकत आहे?