सहावा मणका, जठर आणि आपली सरकलेली बेंबी

अमेरिकेत कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्याकडे, गेलात की बऱ्याच ठिकाणी भिंतीवर एक तक्ता दिसतो. पाठीच्या बारा मणक्यांसमोर एकेक अवयव: पाचव्यासमोर यकृत, सहाव्यासमोर जठर, दहाव्यासमोर मूत्रपिंड. मणका सरकला, नस दबली, अवयव बिघडला. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्टला सुरू केलेल्या विद्येचं हे गणित.

गणित चुकतं ते असं. पाचव्या ते नवव्या पातळीवरून निघालेले तंतू एकत्र होऊन पोटातल्या नसांच्या गाठीत जातात आणि तिथून जठर, यकृत, स्वादुपिंड सगळ्यांना वाटले जातात. सहाव्याचं जठर असं खातं कुठेच नाही. शिवाय जठराची व्हेगस नस मेंदूतून येते, ती मणक्यांच्या वाटेला जातच नाही. आणि रोपण केलेलं हृदय? नसा तोडून बसवतात, तरी धडधडतं.

मोजणीतही गोची आहे. खवाट्याचं खालचं टोक साधारण सातव्या मणक्याच्या रेषेत धरतात. पण मधल्या पाठीतल्या मणक्यांची मागची टोकं खाली झुकलेली असतात. बोटाला सहाव्याचं टोक लागतं तेव्हा आत असतो सातवा.

दुखणं उलट दिशेने मात्र खरंच जातं. पित्ताशयातल्या खड्याची कळ उजव्या खवाट्याखाली येते, स्वादुपिंडाची थेट पाठीत. अशी पाठ कायरोप्रॅक्टरकडून बसवून घेत राहिलात तर सोनोग्राफी तेवढी लांबते.

हातात कसब असतं, हे कबूल. पालथं झोपवून, श्वास सोडायला लावून, तळव्याच्या करंगळीकडच्या हाडाने छोटा, झटक्याचा दाब. 'कट्' होतं ते सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याने. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. आखडलेली पाठ मोकळी वाटते, एखादा दिवस ठणकते. हाडं ठिसूळ असतील तर बरगडी मोडू शकते, म्हणून ते आधीच सांगा.

आपल्याकडेही बेंबी सरकते आणि उसण भरली की पायाळूची लाथ खातात, त्यामुळे फार हसायला नको. पण पायाळू निदान भिंतीवर तक्ता लावत नाही!

पासष्टीनंतरचा सरकारी विमा, मेडिकेअर, कायरोप्रॅक्टरच्या हाताने मणका बसवण्याचे पैसे देतो, तेही कागदावर 'सबलक्सेशन', म्हणजे मणका सरकल्याचं निदान, असेल तरच. त्याने सांगितलेल्या एक्स-रेचे देत नाही. सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या आईबाबांना तो विमाच नसतो.