सुईणीचा दाखला

"तुमचा जन्म सिझेरियनने झालेला नाही, असा हॉस्पिटलचा कागद आणा."

खिडकीमागच्या बाई हे इतक्या सहज म्हणाल्या की मीही "बरं" म्हणून मान डोलावली. दाराबाहेर आल्यावर डोक्यात उजेड पडला. माझा जन्म १९६८ चा, रेवदंड्याला, आजोळच्या माजघरातला. पहिलं बाळंतपण म्हणून आई रीतीप्रमाणे माहेरी आलेली. उजेडाला कंदील आणि मदतीला सुईण. सुईणीच्या हातून सिझेरियन झाल्याचं कुणी ऐकलंय का?

हे सगळं सुरू झालं ते माझ्या नातवामुळे. मी १९९५ साली ठाण्याहून इस्रायलला आलो. दोन वर्षांपूर्वी लेकीला पहिला मुलगा झाला. जावई मोरोक्कोकडच्या घराण्यातला. आम्हा ज्यूंमधल्या पुरोहित वंशातला, म्हणजे कोहेनही नाही आणि मंदिरात त्यांना मदत करणाऱ्या वंशातला, म्हणजे लेवीही नाही. त्यामुळे एकतिसाव्या दिवशी पिद्योन हाबेन करायचं, म्हणजे थोरल्या मुलाला कोहेनाकडून पाच शेकेल चांदी देऊन सोडवून घ्यायचं. तबकात बाळ ठेवलेलं, त्याच्या भोवती घरातल्या बायकांचे दागिने. कोहेन बापाला अरामी भाषेत विचारतो, "तुला काय हवं? मुलगा मला देतोस, की पाच शेकेल देऊन सोडवतोस?" मुलगा देऊन टाकणारा बाप आजवर कुणी पाहिलेला नाही, तरी प्रश्न दर वेळी तितक्याच गंभीरपणे विचारतात. जेवणं उरकल्यावर तोच कोहेन माझ्या शेजारी येऊन बसला आणि सहज म्हणाला, "तुमचं झालं होतं ना?"

नव्हतं झालं. करणार कोण? आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत परंपरेने कोहेन नाहीत, लेवीही नाहीत. कोकणात लग्नाकार्याला आमचे काझी होते, मागाहून प्रार्थना चालवणारे हज्जान आले. बाकी सगळं त्यांच्याकडून निभावलं. हा एक विधी मात्र कोहेनाशिवाय होत नाही. हज्जान कितीही विद्वान असो, त्याला पाच शेकेल घ्यायचा अधिकार नाही.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण ठाण्यातले माझे हिंदू मित्र अजूनही गोंधळतात. कोहेन म्हणजे रब्बी नव्हे. रब्बी म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार, ते अभ्यास करून होता येतं. कोहेन मात्र जन्मानेच असतो, मोशेचा भाऊ आरोन याच्या वंशातला, बापाकडून मुलाकडे. त्याला तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचता येते की नाही याच्याशी संबंध नाही. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा त्यांच्या चोवीस पाळ्या होत्या, एकेक पाळी एक आठवडा सेवेला. बळी अर्पण करायचे, धूप जाळायचा, दीपवृक्षाची वात बघायची, दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, बारा भाकरी बदलायच्या. कुणाच्या कातडीवर डाग उठला तर तो शुद्ध की अशुद्ध हेही कोहेनच ठरवायचा. इसवी सन ७० मध्ये मंदिर पडलं आणि यातलं बहुतेक सगळं थांबलं. उरलं ते थोडंच: प्रार्थनेत आशीर्वाद देणं, तोरा वाचायला पहिला मान, आणि आमच्यासारख्या थोरल्यांची सुटका. बंधनं मात्र शाबूत. घटस्फोटितेशी लग्न करायचं नाही, जवळचे नातलग सोडले तर प्रेताजवळ जायचं नाही. माझ्या ओळखीतले एक कोहेन मित्राच्या दफनाला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभे राहिलेले मी पाहिलेत, भर दुपारी, छत्री नसताना.

तर मला वाटलं, धर्माचं काम आहे, धर्माच्या कचेरीत जावं. ही माझी पहिली चूक. ठाण्यात मी वीस वर्षांची उमर होईपर्यंत रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळ्या रांगा पाहिलेल्या. कागदाशिवाय पान हलत नाही हे अंगात मुरलेलं. वाचणाऱ्यांना आधीच सांगतो: या कामाला कुठल्याही कचेरीची गरज नाही. नोंद होत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही. हे मला चार खेपा झाल्यावर कळलं.

पहिल्या खेपेला टोकन घेऊन दोन तास बसलो. बाईंनी विचारलं, बाळ किती दिवसांचं? म्हटलं, सत्तावन्न वर्षांचं. त्या हसल्या नाहीत. संगणकात तो रकानाच नव्हता म्हणे. मग त्यांनी एक छापील यादी काढली आणि मोठ्याने प्रश्न विचारायला लागल्या. बाप कोहेन किंवा लेवी? नाही. आईचे वडील? नाही. "खात्री आहे?" म्हटलं, आमच्यात ते नाहीतच. मग माझं आडनाव वाचून, जरा थांबून, "तुम्ही भारतातले, नाही का?" आवाज तसा साधाच होता. पण माझ्या वडिलांनी १९६४ च्या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्यात की तो "नाही का" मला टोचला. त्या काळी इथल्या रब्बींचा आदेश होता की बेने इस्राएल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करत असेल तर त्याच्या वंशाची चौकशी करायची. आमच्या लोकांनी त्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरलं, तेव्हा कुठे तो आदेश बदलला. असो. बाईंचा काही दोष नसेल. पण टोचायचं ते टोचलंच.

मग सिझेरियनचा प्रश्न. कारण असं, की सोडवायचा तो आईची कूस उघडणारा मुलगा. पोट फाडून काढलेल्याला हा नियम लागू नाही. कायदा समजला. पण हॉस्पिटलचा कागद कुठून आणू?

आणि त्या पाठोपाठ, मागे रांगेत सहा माणसं उभी असताना: "तुमच्या आधी आईचा गर्भ पडला होता का?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, विचारून या.

हे कसं विचारायचं? आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ठाण्याला धाकट्या बहिणीकडे असते. आमच्या बोलण्यात गुडघे, पेन्शन आणि पापलेटचा भाव यापलीकडे विषय गेलेला नाही. आठ दिवस मी फोन हातात घेऊन खाली ठेवत होतो. शेवटी बहिणीला सांगितलं, तू जरा खाली जा, दूध घेऊन ये. (तुमच्यावर ही वेळ आली तर हे नक्की करा. खोलीत दुसरं कोणी असेल तर आई खरं सांगणार नाही.)

आईने सगळं ऐकून घेतलं. सिझेरियनवर हसली. सुईणीचं नाव तिला अजून पाठ, तिने बारशाला काय लुगडं घेतलं तेही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं लाइन गेली.

"एकदा दिवस लांबले होते," ती म्हणाली. "दहा-बारा दिवस. मग आली. खूप आली. तुझ्या आजीने काढा दिला. तुझ्या बाबांना मी कधी सांगितलं नाही."

मी म्हटलं, आई, राहू दे. ती म्हणाली, "आता विचारलंसच ना, मग लिहून घे."

तिने स्वतःच लिहिलं. वहीच्या पानावर, निळ्या शाईत, मोडी वळणाच्या तिच्या जुन्या अक्षरात: माझा थोरला मुलगा घरी जन्मला, सरळ जन्मला, अमुक सुईणीने केलं, खाली सही. काढ्याचं त्यात नव्हतं. बहिणीने आधी फोटो पाठवला आणि मग मूळ कागद पोस्टाने. तिसऱ्या खेपेला तो कागद मी खिडकीत सरकवला. बाईंनी उलटसुलट करून पाहिला. "ही कुठली भाषा?" मराठी. "हिब्रू भाषांतर आणा, नोटरीच्या शिक्क्यासह. आणि सुईणीची नोंदणी होती का?"

त्या बाकावर बसल्या बसल्या मी मोबाइलवर तोरातलं गणना हे पुस्तक उघडलं, तिसरा अध्याय. मोशेने रानात एक महिन्याच्या वरचे थोरले मुलगे मोजले, २२,२७३ भरले. त्यांच्या बदली देवाने लेवी घेतले, ते २२,०००. उरले २७३, त्यांचे प्रत्येकी पाच शेकेल, मिळून १,३६५, ते आरोनाला आणि त्याच्या मुलांना दिले. त्या मोजणीत सुईणीची नोंदणी विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

चौथ्या खेपेला बाई रजेवर होत्या. फाइल त्यांच्याकडेच, म्हणजे आईचा कागदही त्यांच्याकडेच.

त्या संध्याकाळी मी आमच्या सिनेगॉगच्या रब्बींपुढे अक्षरशः ओरडलो. ते गावाला गेले होते म्हणून आधी विचारलं नव्हतं, ही माझी दुसरी चूक. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, "पण तुम्ही तिकडे गेलात कशाला?" मग दहा-बारा दिवसांचं बोटांवर मोजलं. चाळीस दिवसांच्या आतलं गर्भ धरत नाहीत, तलमूदात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मशास्त्रात, त्याला नुसतं पाणी म्हटलंय. तेव्हा कूस उघडणारा मीच. "आणि कागद?" मी विचारलं. ते हसायला लागले. थोरला कोण, याबद्दल तलमूदात तिघांचा शब्द मानलाय: सुईण, आई आणि बाप. सुईणीचा लगेच, आईचा पहिले सात दिवस, बापाचा कायमचा.

माझे वडील मला कुणापुढेही उभं करताना एकच वाक्य म्हणायचे, "हा आमचा थोरला." मी ते रब्बींना सांगितलं. ते म्हणाले, झालं की मग.

पुढचं सगळं चार दिवसांत आटोपलं. कोहेन कुठून आणायचा ही काळजीच नव्हती. सकाळच्या प्रार्थनेला माझ्या दोन बाकं पुढे बसणारे निवृत्त बस ड्रायव्हर कोहेन आहेत. बाकीचा वेळ ते भाड्याबद्दल तक्रार करतात. पण आशीर्वादाची वेळ झाली की बूट काढून, लेवीकडून हातावर पाणी घेऊन, डोक्यावरून तल्लीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, ओढून, बोटं फाकवून उभे राहतात, आणि आवाज बदलतो. ठाण्यात आमचे हज्जान तेच शब्द वाचायचे, पण खरोखरीचा कोहेन उभा राहून म्हणताना मी इथे येऊनच पहिल्यांदा ऐकलं.

चांदीचं राहिलंच सांगायचं. पाच शेकेल म्हणजे आजचे बाजारातले शेकेल नव्हेत. तेवढ्या वजनाची चांदी, मतं ९६ ग्रॅमपासून ११७ पर्यंत आहेत; आपल्या रब्बीला विचारा. चेक चालत नाही, कागदी नोटा चालत नाहीत, मोबाइलवरून पैसे पाठवणं तर नाहीच. माझ्याकडे आईने येताना दिलेले दहा राजाछाप रुपये होते, पाचव्या जॉर्जचे. एकेक साधारण पावणेबारा ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा एक्याण्णवच्या वर. रब्बींनी हिशेब केला: दोन रुपये म्हणजे एक शेकेल, दहांत पाच बसतात. इतकी वर्षं कपाटात पडलेले रुपये जणू याच कामासाठी होते, असं त्या क्षणी वाटलं.

मोठ्या माणसाच्या विधीत बापाचे शब्द स्वतःलाच म्हणायचे असतात, आशीर्वादाचा मजकूर किंचित वेगळा. मी रुपये त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते माझ्या डोक्यावर धरले आणि याच्याऐवजी हे, असं म्हणून मला मोकळं केलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. लोकांनी केक खाल्ला.

एक सावधगिरी, जी मला कोणी सांगितली नाही. पुष्कळ कोहेन पैसे परत देतात, निदान बाळाच्या वेळी. म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. ड्रायव्हरसाहेबांनी एक रुपया उजेडात धरला, "हा मुकुटवाला कोण?" विचारलं, आणि दहाही खिशात टाकले. त्यांचा हक्कच आहे तो. पण वारशाची नाणी असतील तर ती नेऊ नका, सराफाकडून साधी चांदी घ्या.

रात्री आईला फोन केला. झालं म्हटलं.

"रुपये दिलेस?"

"दिले."

"सगळे?"

"सगळेच लागत होते."

"दोन तरी ठेवायचेस," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि माझा कागद? तो त्या बाईकडून परत घे हो. तसा नको राहायला तिकडे."

तेवढ्यासाठी पाचव्यांदा गेलो. टोकन घेतलं, एकशे अठरा. नंबर आला तेव्हा बाईंनी फाइल काढली, कागद शोधून दिला, आणि विचारलं, "भाषांतर झालं का?"