हद्द, पंचनामा आणि वॉर्ड ऑफिस

महाराष्ट्र पोलिसांत शिपाई असो की वरिष्ठ निरीक्षक, निवृत्ती ५८ व्या वर्षी. फौजेतला जवान मात्र पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडेच पेन्शन घेऊन घरी येतो. निवृत्तीनंतर मुंबईत वस्तीच्या कामात, म्हणजे रस्ते, नाले, कचरा यांचा पालिकेकडे पाठपुरावा करण्यात, उतरू पाहणारे हे दोघे लांबून सारखेच दिसतात: केस बारीक, चाल ताठ, वेळेला पक्के. अडचणी मात्र दोघांच्या निराळ्या. एकाच्या अंगात मुंबई मुरलेली असते, पण राहायला घर नसतं. दुसऱ्याकडे घर असलं तरी शहर ओळखीचं राहिलेलं नसतं.

घराचं आधी बघू, कारण तिथेच निम्मे लोक गळतात. नायगाव, वरळी, ताडदेव, मरोळ इथल्या पोलीस लाइनीत तीस वर्षं काढलेला हवालदार निवृत्तीनंतर क्वार्टर सोडतो आणि डोंबिवली, नालासोपारा, बदलापूर गाठतो. तिथली पालिका वेगळी, माणसं वेगळी. लालबागच्या प्रत्येक गल्लीतलं तोंड ओळखणाऱ्या माणसाला नव्या सोसायटीत वॉचमनही ओळखत नाही. बीडीडी चाळींत ठराविक तारखेपर्यंत राहणाऱ्या पोलिसांना पुनर्विकासात १५ लाखांत ५०० चौरस फुटांचं घर देण्याचा निर्णय झाला, त्यामुळे काही कुटुंबं मुंबईतच राहतील. बाकीच्यांनी एक ठरवून टाकावं: काम करायचं ते आता राहतो त्या पत्त्यावर. जुन्या हद्दीत जाऊन नेतेगिरी करणाऱ्याला आठवड्यातून दोनदा लोकल पकडावी लागते आणि तिसऱ्या महिन्यात ते बंद पडतं.

पत्त्याला लागूनच मतदारयादी येते. फौजीचं नाव नोकरीत असताना बहुधा गावाकडच्या यादीत, शेवटच्या भागात, सेवा मतदार (फौजेत वगैरे नोकरीला असलेल्यांची वेगळी नोंद) म्हणून असतं. सोबत राहणाऱ्या बायकोचंही तिथेच. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याचा दाखला, हातात आल्यावर हे आपोआप बदलत नाही. मुंबईच्या पत्त्यावर नमुना ६, म्हणजे यादीत नाव घालण्याचा अर्ज, भरायचा आणि गावचं नाव वगळलं गेलं का ते तपासायचं. महापालिका निवडणुकीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते आणि तीही राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेची. त्या दिवशी यादीत नाव नसेल तर मतदानही नाही आणि उमेदवारीही नाही. अर्ज भरायच्या आठवड्यात हे कळणारे दर वेळी असतात.

आता हद्द. हा शब्द पोलिसाला शिकवायला नको. अडचण अशी की वॉर्ड म्हणताना इथे तीन वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात. जी दक्षिण, एफ उत्तर, के पूर्व, एल हे प्रशासकीय विभाग. निवडणुकीचे प्रभाग २२७. पोलीस ठाण्याची हद्द तिसरीच. तिन्हींच्या रेषा एकमेकींवर बसत नाहीत. एका मोठ्या कागदावर आपल्या एक चौरस किलोमीटरचा नकाशा काढून तिन्ही रेषा तीन रंगांत घालाव्यात. मग चौथा रंग घ्यावा तो मालकीचा: कुठला रस्ता पालिकेचा, कुठली भिंत रेल्वेची, कुठली जमीन म्हाडाची, जिल्हाधिकाऱ्यांची किंवा पोर्टाची. गुन्ह्यात झिरो एफआयआर तरी असतो, कुठल्याही ठाण्यात नोंदवा आणि पुढे जाऊ द्या. पालिकेच्या तक्रारीला तशी सोय नाही. रेल्वेच्या हद्दीतल्या नाल्याची तक्रार वॉर्डात दिली तर ती "आमच्या अखत्यारीत नाही" एवढा शेरा घेऊन बंद होते आणि पावसाळा निघून जातो.

वॉर्ड ऑफिसातही प्रत्येक खात्याची हद्द आहे. वर सहायक आयुक्त, म्हणजे जुन्या भाषेत वॉर्ड ऑफिसर. खाली रस्ते-फुटपाथसाठी परिरक्षण, बेकायदा बांधकामाला इमारत व कारखाने, कचऱ्याला घनकचरा व्यवस्थापन, पाण्याला जलकामे, डासांना कीटकनियंत्रण, झाडाच्या फांदीला उद्यान, फेरीवाल्यांना अनुज्ञापन आणि अतिक्रमण निर्मूलन. काम करणारा माणूस म्हणजे कनिष्ठ अभियंता, सगळे त्याला जेई म्हणतात, आणि सफाईच्या बाजूला मुकादम. साहेबांच्या केबिनपासून सुरुवात करणं ही निवृत्त अधिकाऱ्यांची आवडती चूक. साहेब चहा पाजतात, अर्ज जेईकडे "मार्क" करतात, आणि आपल्या डोक्यावरून वर गेलेल्या माणसाचा अर्ज जेई सावकाश उघडतो. आधी जेई आणि मुकादम, पंधरा दिवसांत हाललं नाही तर लेखी वर.

आवाजाचंही सांगायला हवं. ठाण्यात आणि पलटणीत हुकूम चालतो, कारण समोरचा हाताखालचा असतो. जेई तुमच्या हाताखाली नाही, फेरीवाला तर नाहीच. निवृत्त माणसाने जुनं ओळखपत्र दाखवून फेरीवाल्याची पाटी उचलली, गाडीची चावी काढून घेतली किंवा दम दिला, तर लोकसेवक असल्याचा तोतयेपणा म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २०४ त्यालाच लागू शकतं. नावाआधी हुद्दा लावायचा तर पुढे "निवृत्त" स्पष्ट लिहावं. लेटरहेडवर अशोकस्तंभ, गाडीवर "पोलीस" ही तर अगदीच फुकटची लफडी.

वर्दीतून सोबत आणण्यासारखी खरी वस्तू म्हणजे पंचनामा. "रस्त्याला मोठा खड्डा पडला आहे, लक्ष द्यावे" अशा तक्रारी रोज येतात. त्याऐवजी असं लिहून बघा: अमुक तारीख, सकाळी ७.१०, अमुक रस्ता, स्टेशनकडून येताना डाव्या बाजूस, अमुक क्रमांकाच्या विजेच्या खांबापासून पूर्वेस ४ मीटर, लांबी १२० सेंमी, रुंदी ८०, खोली १५, लगतचं मॅनहोलचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा ६ सेंमी खाली, पाऊस नसताना खड्ड्यात पाणी. यातले शेवटचे दोन तुकडे सगळ्यांत महत्त्वाचे. झाकण खचलं असेल तर दुखणं मॅनहोलच्या चौकटीचं आहे, नुसतं डांबर टाकून ते जात नाही. कोरड्या दिवसांत पाणी दिसत असेल तर खाली जलवाहिनी गळते आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत दर महिन्याला तोच खड्डा भरला जाईल, दर महिन्याला उघडा पडेल. तपशील नसला की तक्रार चुकीच्या खात्याकडे जाते आणि ते खातं आपल्यापुरतं काम करून मोकळं होतं.

फोटो दोन: एक लांबून, त्यात न हलणारी खूण हवी (दुकानाची पाटी, खांब, झाडाचा बुंधा), दुसरा जवळून, मोजपट्टी ठेवून. पंचांच्या जागी शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या तर उत्तमच. तक्रार १९१६ वर किंवा पालिकेच्या अ‍ॅपवर करून क्रमांक वहीत उतरवायचा. ही वही म्हणजे तुमची स्टेशन डायरी: तारीख, क्रमांक, कोणाशी बोललो, काय म्हणाले. काम न होता तक्रार "निकाली" दाखवली जाणं ही इथली नेहमीची तऱ्हा. तेव्हा चिडून नवी तक्रार करू नये. त्याच खुणेसमोर, त्याच कोनातून पुन्हा फोटो काढून जुन्या क्रमांकाचा हवाला द्यावा.

त्यानेही हाललं नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तपासणीची सवय असलेला माणूस इथे हटकून घसरतो. "काम का झाले नाही? जबाबदार कोण?" असं विचारतो, आणि कारणं सांगणं म्हणजे माहिती देणं नव्हे या मुद्द्यावर अर्ज परत येतो. जबाब घ्यायचा नाही, कागद मागायचा. कार्यादेशाची (कंत्राटदाराला दिलेल्या कामाच्या हुकमाची) प्रत, झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामाची हमी, कुठल्या तारखेला संपते तो दस्तऐवज. रस्ता त्या कालावधीत असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. ती एक तारीख हातात असली की जेईशी बोलणं फार सोपं होतं, कारण त्यालाही वरून पैसे मागावे लागत नाहीत.

नालेसफाई हे तर बंदोबस्ताची सवय असलेल्यांसाठीच राखून ठेवलेलं काम. पावसाळ्याआधीची सफाई मेअखेर उरकायची असते आणि कंत्राट गाळाच्या वजनावर. उपसलेला गाळ काठावर सुकायला टाकतात, दोन-तीन दिवसांत उचलायचा असतो. उचलला नाही तर पहिल्याच सरीत तो परत नाल्यात. म्हणून नुसतं नाल्यात डोकावून भागत नाही. तीन-चार जणांच्या पाळ्या लावायच्या, डंपरचा नंबर, आल्याची-गेल्याची वेळ, डंपर किती भरलेला ते लिहायचं, आणि नंतर वजनकाट्याच्या पावत्या माहिती अधिकारात मागून दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. कामगाराशी हुज्जत घालायची नाही, डंपर अडवायचा नाही. नाकाबंदी नाही ही.

बेकायदा बांधकामात पोलिसांचा मोठा गैरसमज असतो की ठाण्यात सांगितलं की काम थांबेल. ठाण्याचं काम तोडकामाच्या दिवशी बंदोबस्त देण्यापुरतं. नोटीस मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ खाली वॉर्डातून निघते: काम चालू असेल तर ३५४अ, उभं राहून गेलं असेल तर ३५१. चालू असतानाच तक्रार करण्याचं महत्त्व इथे आहे. एकदा स्लॅब पडला की मग नोटीस, उत्तर, सुनावणी, आणि मालक बहुधा दिवाणी न्यायालयातून स्थगिती घेऊन येतो. म्हणून विटांची गाडी उतरली त्याच दिवशी, तारखेच्या फोटोसह अर्ज.

माणसं जोडण्याच्या कामात मात्र खाकीचा वारसा मोठा आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. जुन्या शांतता समित्यांत बडी मंडळी खुर्च्या अडवून बसत. खोपडेंनी गल्लीतली साधी माणसं घेतली आणि बीटच्या शिपायाला केंद्रस्थानी ठेवलं. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईत आयुक्त सतीश साहनी आणि निवृत्त झालेले ज्युलिओ रिबेरो यांनी ही चळवळ उभी केली. रिबेरो १९८२ ते ८५ मुंबईचे आयुक्त होते, पुढे पंजाबात पोलीस महासंचालक. एवढं सगळं झाल्यावर ते मोहल्ल्याच्या बैठकीत जाऊन बसत. दंगल नसलेल्या दिवसांतही बैठक होते, पाण्यावर आणि कचऱ्यावर बोलणं होतं, म्हणून गरजेच्या रात्री एकमेकांचे फोन उचलले जातात. ज्या कमिट्या फक्त सणाच्या आधी भरतात त्यांच्यात हे होत नाही.

फौजीसाठी पावसाळा. पालिका दर वर्षी ४.५ मीटरवरच्या भरतीचे दिवस आणि वेळा आधीच जाहीर करते. भरतीला समुद्राचं पाणी चढलं की नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही, त्याच तासात जोराचा पाऊस आला की सखल भाग भरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तेव्हाही भरतीची भर होतीच. वस्तीत मे महिन्यातच रेकी करावी: तळमजल्यावर एकटे म्हातारे कुठे, डायलिसिसचे रुग्ण कुठे, मीटर-बॉक्स जमिनीपासून किती उंच, पंपाची चावी कोणाकडे. आणि एक सक्त ताकीद: पाणी ओसरावं म्हणून मॅनहोल उघडू द्यायचं नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला अशाच उघड्या मॅनहोलने एका ज्येष्ठ डॉक्टरांचा जीव घेतला. काठी, दोर, लाल कापड घेऊन त्या जागी माणूस उभा करता येतो, ते फौजीला सांगावं लागत नाही.

अधिकृत शिरकावाचे रस्ते दोन-तीनच. गल्लीपातळीवर एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट), म्हणजे पालिकेसोबत काम करणारा रहिवाशांचा गट, ज्याची सुरुवात घाटकोपरच्या जोशी लेनमधून झाली. त्यावर प्रभाग समिती: अधिनियमाच्या कलम ५०टट नुसार त्या क्षेत्रात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नगरसेवक नामनिर्देशित करू शकतात. ही जागा फारशी कोणी मागत नाही. संस्था नोंदणीकृत हवी आणि काम कागदावर दिसायला हवं, म्हणजे ती डायरी इथे उपयोगी पडते.

नगरसेवकपदाला वय २१ पुरे, पेन्शन आड येत नाही, पण नोकरीत असताना उभं राहता येत नाही. निवृत्तीआधी उतरायचं तर २० वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती, आणि तिचा आदेश हातात आल्यावरच अर्ज. दोन अपत्यांची अट आहे. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर अपात्रता आहे, त्यामुळे निवृत्तीनंतर सिक्युरिटी एजन्सी काढलेल्यांनी आधी आपली कंत्राटं तपासावीत. प्रचारात वर्दीतला फोटो नको. सैनिकांच्या छायाचित्रांबाबत निवडणूक आयोगाने २०१९ मध्ये पक्षांना पुन्हा बजावलं होतं. पोलिसांसाठी खास: नोकरीत असताना एखाद्या आरोपीने केलेली खासगी फिर्याद कुठल्या तरी न्यायालयात अजून पडून असते आणि विसरली गेलेली असते. शपथपत्रात प्रलंबित खटल्यांचा रकाना भरण्याआधी ज्या-ज्या ठाण्यात नेमणूक होती तिथल्या न्यायालयांत एकदा चौकशी करून यावी. छाननीच्या टेबलावर विरोधकाचा वकील तो कागद घेऊनच येतो.